बूट फाटला की जॉइंट गेला : गाडीचे पुढचे एक्सल आणि सस्पेन्शनचे जॉइंट सुरक्षितपणे कसे करावेत

यवतेश्वरच्या घाटात वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवून ॲक्सिलरेटर दिला आणि पुढच्या चाकातून ‘कट-कट-कट’ असा आवाज आला, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा वाकून फिरणारा सांधा, संपत आला आहे. आवाज सुरू होण्याच्या बऱ्याच आधी त्याचा रबरी बूट चिरलेला असतो. चाकाच्या आतल्या बाजूला, शॉकअपवर, ब्रेकच्या कॅलिपरवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले असतात. त्या टप्प्यावर पाहिले तर काही शे रुपयांच्या बूट किटमध्ये काम भागते. आवाजापर्यंत थांबलात तर जॉइंट किंवा पूर्ण एक्सल, म्हणजे काही हजार. बॉल जॉइंट (खालचा आर्म चाकाशी जोडणारा गोळीचा सांधा), टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाशी जोडणारा सांधा), लिंक रॉड (अँटिरोल बारला सस्पेन्शनशी जोडणारा दांडा) या सगळ्यांचे हेच आहे. आतले पोलाद सहसा आपणहून झिजत नाही. रबर फाटते, ग्रीस बाहेर जाते, पाणी आणि माती आत जाते आणि त्या मातीने पोलाद घासले जाते.

आपल्या भागात रबर फाटायला कारणेही भरपूर. उसाच्या हंगामात पाणंदीतून गाडी नेली की वाळलेले पाचट फिरत्या एक्सलला गुंडाळते आणि त्याच्या करवती कडा बुटाच्या घड्या कापतात. कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेले खड्डे बुश (आर्मच्या बॉडीकडच्या टोकातली रबरी नळी) आणि बॉल जॉइंटवर दणके घालतात. सांगलीकडची काळी माती ओली असताना आर्मवर थापली जाते, वाळून दगड होते आणि बुटाच्या घडीत बसून त्याला आतून चिरते. म्हणून गाडी धुताना पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळवून आतून साध्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरचा फवारा थेट बुटाच्या क्लिपवर धरू नका, पाणी ओठाखालून आत घुसते.

आवाजावरून काय ओळखावे

मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून ताशी दहाच्या वेगाने गोल फिरा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे फिरताना कटकट वाढली तर बहुधा डावा बाहेरचा जॉइंट, डावीकडे फिरताना वाढली तर उजवा, कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. हा अंदाज आहे, खात्री गाडी उचलून करायची. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर सोडला की थरथर थांबते, तर संशय आतल्या जॉइंटवर घ्या. बहुतेक लहान गाड्यांत आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, त्यांच्या वाटेत खाच पडली की असे होते. कमी वेगात, फुटक्या डांबरावर ‘खड-खड’ आवाज येतो पण मोठ्या खड्ड्यात तितका येत नाही, तर आधी लिंक रॉड पाहा. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्स घेताना एकच ‘ठक्’ आला, तर लोअर आर्मचा बुश.

गाडी उचलल्यावर चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात ठेवून हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर तो बॉल जॉइंटचा किंवा व्हील बेअरिंगचा. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. इथला प्ले टाय रॉड एंडचा किंवा रॅकच्या (स्टिअरिंगच्या आडव्या यंत्रणेच्या) आतल्या जॉइंटचा. टाय रॉड एंडवर बोट ठेवून चाक हलवून घ्या, टक्कर बोटाला कळते.

इथे एक फरक नीट समजून घ्या. स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेनसारख्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअपवर असते, त्यामुळे खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचे वजन नसते. बॉडीखाली आधार देऊन चाक लोंबते ठेवले की त्याचा प्ले दिसतो. आर्म आणि नकल (चाकाचा हब धरणारा ओतीव भाग) यांच्यामध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घालून हलके उचकले की अजून स्पष्ट दिसतो. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या दोन आर्मच्या गाड्यांत स्प्रिंगचा जोर खालच्या आर्मवर येतो. तिथे चाक लोंबते ठेवले तर स्प्रिंग जॉइंटला दाबून धरते आणि खराब जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. अशा गाडीत जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावून, चाक जमिनीपासून जेमतेम सुटेपर्यंत उचलून तपासा.

उचलण्याआधी

या कामात माणसे जखमी होतात ती बहुतेक गाडी अंगावर आल्यामुळे. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके घालायचे नाही. दोन टन क्षमतेचा ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड हवेत. जागा सपाट आणि पक्की हवी. फरशीचे अंगण चालेल, पण वाड्यापुढची काळी माती चालणार नाही. वरून वाळलेली दिसली तरी खाली ओलसर असते आणि स्टँडचा पाय हळूहळू आत जातो. मातीवर करायचीच वेळ आली तर प्रत्येक स्टँडखाली एक फूट बाय एक फूट, दोन इंच जाडीची लाकडी फळी घाला आणि गाडी टेकवल्यावर दहा मिनिटे नुसते पाहत थांबा.

विटा, सिमेंटचे ब्लॉक, जांभ्याचे चिरे आधाराला कधीही वापरू नका. महाबळेश्वर-पाचगणीकडे जांभा सहज मिळतो आणि टणक वाटतो, पण टोकावर भार आला की तो इशारा न देता फुटतो. सिमेंटचा पोकळ ब्लॉकही तसाच.

क्रम असा ठेवा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडण्या. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा. एक्सल काढायचा असेल तर हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमध एक्सलच्या टोकावर असलेला, मोठा नटही आताच सैल करा. रिमच्या मधल्या भोकातून सॉकेट जाते, साधारण ३० किंवा ३२ मिलिमीटरचे लागते, मोजून घ्या. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, ती छोट्या छिन्नीने आधी सरळ करा, नाहीतर शाफ्टचे आटे खराब होतात. गाडी स्टँडवर असताना हा नट लांब पाइप लावून सोडवायला गेलात तर गाडी स्टँडवरून ढकलली जाते.

मग उचला, स्टँड लावा, जॅक थोडा उतरवून वजन स्टँडवर येऊ द्या आणि बॉडीला हाताने जोरात हलवून पाहा. हललीच तर आता हलू दे. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवा. स्टँड निसटलाच तर गाडी चाकावर थांबते.

एक्सल बाहेर काढणे

ड्रेन प्लगखाली भांडे ठेवून गिअर ऑइल काढा. लहान गाड्यांत ते दोन लिटरच्या आसपास असते. न काढता एक्सल ओढला तर ते अंगावर आणि ब्रेक डिस्कवर येते. ऑइल दुधट दिसले तर आत पाणी गेले आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात राहिलेल्या गाड्या आजही विक्रीला फिरतात, जुनी गाडी घेतली असेल तर ही तपासणी आवर्जून करा.

कॅलिपर काढावा लागला तर त्याला तारेने स्प्रिंगला बांधा, होजवर लटकवू नका. एबीएस सेन्सरची वायर क्लिपमधून सोडवून घ्या, नकल बाहेर ओढताना ती सर्वांत आधी तुटते. आता टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट नकलमधून सोडवायचे. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन आटे ठेवा. जॉइंट सुटताना आर्म झटका देतो, तो नट त्याला अडवतो. टाय रॉड एंडची पिन निमुळती असते आणि भोकात आवळून बसते. तिच्या टोकावर हातोडा मारला तर आटे चेपतात. त्याऐवजी नकलच्या ज्या कानात ती बसली आहे त्या कानाच्या बाजूला दोन-तीन जोरदार ठोके द्या, समोरून दुसरा जड हातोडा टेकवून. कान क्षणभर दबतो आणि पिन सुटते. दोन जबड्यांचा पुलर असेल तर अजून चांगले. दुशाखी पाचर मात्र त्याच जॉइंटवर वापरा जो फेकायचाच आहे, ती बूट हमखास फाडते. मारुती आणि ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत खालचा बॉल जॉइंट निमुळता नसून आडव्या बोल्टने आवळलेला असतो. तिथे बोल्ट पूर्ण बाहेर काढा, कारण तो पिनेच्या खाचेतून जातो, आणि मग आर्म खाली दाबा.

हब नट काढून शाफ्टचे टोक आत ढकला. अडकले असेल तर जुना नट टोकाशी सपाट लावून लाकडी ठोकळ्यावरून ठोका. नकल बाहेर वळवा, शाफ्ट सुटेल. गिअरबॉक्सच्या बाजूला आतल्या जॉइंटच्या ओठाखाली टॉमी घालून एक झटका द्या, सर्कलिप (शाफ्टला आत अडकवून धरणारी तारेची रिंग) सुटते. टॉमी ऑइल सीलवर टेकवू नका. आणि शाफ्टला धरून ओढू नका. ओढला की तीन रोलरचा जॉइंट आतल्या आत सुटतो आणि बूट फाटतो. दोन्ही बाजूंचे एक्सल एकदम काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही निघाले की डिफरन्शियलचे आतले गिअर जागचे सरकतात आणि मग गिअरबॉक्स उघडावा लागतो.

हब नट नसताना चाक जमिनीवर टेकवून गाडी ढकलायची नाही, हेही लक्षात असू द्या. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या आतल्या दोन रिंगा याच नटाने एकत्र दाबलेल्या असतात. नटाशिवाय भार आला की बेअरिंग थोड्याच अंतरात जाते.

बूट बदलणे

इथे घाईत सर्वांत जास्त नुकसान होते. काही गाड्यांत बाहेरचा जॉइंट आतल्या रिंगेवर पितळी दांडा ठेवून ठोकला की शाफ्टवरून निघतो. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत तो निघण्यासाठी बनवलेलाच नाही. तिथे बाहेरचा बूट बदलायचा असला तरी आतला जॉइंट उघडून, तीन रोलरचा ट्रायपॉड काढून, बूट त्या बाजूने सरकवत न्यावा लागतो. मॅन्युअल न पाहता बाहेरच्या जॉइंटवर घण घातला तर चांगला जॉइंट भंगारात जातो. कापून चिकटवायचे बूट बाजारात मिळतात, ते वापरू नका. घाटातल्या वळणांवर बूट सतत दुमडतो आणि चिकटवलेली शिवण आधी सुटते.

ट्रायपॉड काढण्याआधी आतल्या जॉइंटचे भांडे (रोलर ज्यात बसतात ते कवच), ट्रायपॉड आणि शाफ्ट यांवर रंगाने एका रेषेत खूण करा. ट्रायपॉडची कोणती बाजू शाफ्टकडे होती त्याचा फोटो काढा. जुने ग्रीस पूर्ण पुसा. पेट्रोलने धुऊ नका, ठिणगीचा धोका आहेच, शिवाय पेट्रोलने रबर फुगते. डिझेलने धुतले तर ते पूर्ण वाळू द्या, आत उरलेले डिझेल नवे ग्रीस पातळ करते. मग बाहेरचा जॉइंट चारी बाजूंना वाकवून सहाही गोळ्या एकेक करून बघा. खोबणीत नख अडकत असेल, गोळीवर खड्डा किंवा पोपडा दिसत असेल, तर नवा बूट घालून उपयोग नाही, जॉइंट बदला. नुसती चकचकीत रेषा चालते.

शाफ्टच्या दातांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा, मगच लहान क्लिप आणि बूट सरकवा. टेप नसेल तर दात नव्या बुटाचा ओठ आतून कापतात आणि ते बसवून झाल्यावर दिसत नाही. ग्रीस किटमधलेच वापरा. बाहेरच्या जॉइंटचे ग्रीस मॉलिब्डेनम असलेले, काळे असते. आतल्याचे काही किटमध्ये वेगळ्या रंगाचे येते, अदलाबदल करू नका. चॅसिसचे साधे ग्रीस इथे चालत नाही, गोळ्यांवरच्या दाबाखाली ते टिकत नाही आणि काही ग्रीस बुटाच्या रबराला मारक असतात. पाकिटात मोजून दिलेले असते, लहान गाड्यांत एका जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम. बहुतेक जॉइंटच्या आत दाबून भरा, उरलेले बुटात. जास्त भरले तर बूट फुगतो आणि क्लिपखालून ग्रीस बाहेर येते.

बुटाचे दोन्ही ओठ आपापल्या खाचेत बसवा. क्लिप आवळण्याआधी लहान ओठाखाली बोथट स्क्रू-ड्रायव्हर घालून आतली हवा बाहेर सोडा, बूट आत ओढलेला किंवा फुगलेला राहता कामा नये. आतल्या जॉइंटच्या बाबतीत तो मधल्या स्थितीत ठेवून हे करा. क्लिपचा कान तिच्यासाठीच्या पकडीनेच दाबा. प्लॅस्टिकची केबल टाय गरमीत सैल होते. शेवटी बूट हाताने फिरवून पाहा, फिरला तर क्लिप सैल आहे. सर्कलिप नवीनच वापरा, तिची किंमत क्षुल्लक आहे आणि ती निघाली तर एक्सल रस्त्यात सुटतो.

बॉल जॉइंट, बुश आणि आवळण्याची जागा

कंपनीच्या पार्टमध्ये बऱ्याचदा बॉल जॉइंट आर्मसकट येतो. सुटा जॉइंट मिळाला तरी तो प्रेसने बसवायचा असतो. घरी हातोड्याने ठोकू नका, आर्ममधले भोक ओव्हल होते आणि जॉइंट पुन्हा सैल पडतो. सातारा किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत प्रेस असलेल्या वर्कशॉपला आर्म सोपवा. खर्चाचा विचार करता आर्म खूप गंजलेला, वाकलेला असेल तर पूर्ण आर्मच घ्या. दोन्ही बाजूंचे आर्म एकदम बदलायची सक्ती नाही, पण एका बाजूचा बुश चिरला असेल तर दुसऱ्या बाजूचा उजेडात नीट पाहा.

आता या सगळ्या कामातली जी गोष्ट सर्वाधिक वेळा चुकते ती. लोअर आर्मचा रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेला असतो. तो बेअरिंगसारखा फिरत नाही, पिळला जातो. चाक लोंबते असताना आर्म खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर आतली नळी तिथेच घट्ट होते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर कायमचे पिळलेले राहते. असा बुश लवकर चिरतो आणि मग पार्ट डुप्लिकेट होता असे म्हटले जाते. बोल्ट नुसते हाताने लावून घ्या, मग ट्रॉली जॅकने आर्म एवढा वर उचला की त्या बाजूची बॉडी स्टँडवरून सुटू पाहते, आणि तिथे पूर्ण आवळा. किंवा गाडी खाली टेकवून, चाकांवर वजन घेऊन आवळा, जागा असेल तर.

टाय रॉड एंड काढताना लॉक नट जिथे होता तिथे रंगाची खूण करा आणि जॉइंट सोडवताना किती फेरे फिरले ते मोजा. नवा तेवढेच फेरे घालून बसवा, म्हणजे अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत टायर न खाता जाता येते. अलाइनमेंट मात्र करावीच लागेल. खाचांच्या नटात स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे कधीच फिरवू नका. पिन नवीन.

लिंक रॉड काढायला दोन्ही पुढची चाके हवेत हवीत. एकच बाजू उचलली तर अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा आडवा दांडा) पिळलेला राहतो आणि नट सुटताना दणका देतो. पिन नटाबरोबर फिरू लागली तर तिच्या टोकात ॲलन-की घालून धरा. नटाच्या आत नायलॉनची रिंग असते, एकदा काढला की नवाच लावा.

ग्रीस निपल असलेल्या जुन्या जॉइंटमध्ये गनने ग्रीस भरताना आधी निपल पुसा, नाहीतर तिच्यावरची माती आत जाते. बूट जेमतेम फुगेपर्यंतच भरा. जुने ग्रीस गढूळ, पाण्याने फेसाळलेले बाहेर आले तर पुन्हा हजार किलोमीटरनंतर भरा.

शॉकअपच्या वरच्या मधल्या नटाला हात लावू नका. त्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे, ती सुटली तर हाड मोडते. ते काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या जागी न्या. गंजलेला बोल्ट गरम करावा लागला तरी रबर, होज आणि बॉल जॉइंटजवळ आच नको.

बसवणे आणि चाचणी

गिअरबॉक्सचे ऑइल सील नवे घाला, ओठाला गिअर ऑइल लावा. एक्सल सरळ धरून ढकला, सर्कलिप ‘टक्’ वाजून बसते. मग आतल्या जॉइंटचे भांडे हाताने ओढून पाहा, बाहेर आले तर बसलेले नाही. हब नट नवा लावून आधी चाक हवेत असताना जमेल तेवढा आवळा, मग चाक खाली टेकवून, ब्रेक दाबून, टॉर्क रेंचने पूर्ण. लहान गाड्यांत हा आकडा साधारण १७५ ते २२० न्यूटन-मीटर असतो, पण मॉडेलप्रमाणे बदलतो, मॅन्युअलमधलाच घ्या. अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला ४० किलोचा जोर म्हणजे साधारण २०० न्यूटन-मीटर, यावरून कल्पना येईल. कमी आवळला तर बेअरिंगला प्ले येतो. टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून मागून आणा, पण अंदाजाने सोडू नका. शेवटी नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोका.

गिअर ऑइल लेव्हल प्लगपर्यंत भरा. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. कॅलिपर काढला असेल तर इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. पहिल्या दाबात ते खाली जाते, तशीच गाडी हलवली तर ब्रेक लागणार नाही.

पहिली फेरी गल्लीतच, ताशी वीसच्या आत, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. आवाज नसेल, स्टिअरिंग सरळ असेल, गाडी ओढत नसेल, तर अलाइनमेंटला न्या. खंबाटकी किंवा पसरणीचा घाट त्यानंतर. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा आवळून पाहा, आणि त्याच वेळी चाक वळवून नव्या बुटाभोवती बोट फिरवा. बोट कोरडे निघाले पाहिजे.